भांडता येईल असा गुत्तेदार

शहराच्या टोकाला, हर्सूलच्या पुढं, तलावापासून थोड्या अंतरावर, सुरेखा आणि गोकुळचा एक प्लॉट होता. घेतला तेव्हा तिथं बाभळींशिवाय काही नव्हतं, आणि पावसाळ्यात मोटरसायकल रस्त्यावरच लावून चिखल तुडवत आत जावं लागायचं. आता तिन्ही बाजूंना घरं उठली होती. शेजाऱ्यांनी आपली वाळू, खडी, जुनी दारं खुशाल यांच्या मोकळ्या जागेत आणून टाकली होती. एकानं तर शेळ्याही बांधायला सुरुवात केली होती. ते पाहून सुरेखा म्हणाली, "आता बांधलं नाय, तर आपल्याच प्लॉटात पाय ठेवायला आपल्याला विचारावं लागंल."

गोकुळ वाळूजला एका कंपनीत होता. सुरेखाचं गुलमंडीत ब्लाउज शिवायचं दुकान होतं. एका कापडवाल्याच्या वरच्या मजल्यावर, अरुंद जिना चढून गेलं की. लग्नापासून दोघं भाड्याच्या घरांत राहत आले होते. घरमालक बदलले, गल्ल्या बदलल्या, भिंतीला खिळा ठोकायचा तर परवानगी काढायची सवय मात्र बदलली नाही. अखेर कर्ज मंजूर झालं, नकाशा पास झाला, आणि एकच गोष्ट ठरायची राहिली. घर बांधणार कोण?

गोकुळच्या घरच्यांच्या लेखी हा प्रश्नच नव्हता. त्याचा चुलतभाऊ विश्वजीत घरं बांधून देणारा गुत्तेदार होता. वैजापूरकडच्या त्यांच्या गावातून तो शहरात आला तो दुसऱ्याच्या साईटवर मुकादम म्हणून, आणि आज त्याची स्वतःची दोन-तीन कामं एका वेळी चालू असायची. उमदा माणूस. गोकुळच्या वडिलांच्या, म्हणजे कडूबा नानांच्या, छातीत कळ आली तेव्हा विश्वजीतनंच आपल्या गाडीत घालून त्यांना शहरात आणलं होतं, आणि गोकुळ ड्युटीवरून येईपर्यंत दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिला होता. ते गोकुळ कधी विसरला नाही.

प्लॉटचं कळल्यावर विश्वजीत पेढे घेऊनच आला. मोबाईलवर त्यानं घरांची चित्रं दाखवली, जिन्याला काचेचा कठडा कसा शोभेल ते सांगितलं, आणि चहा घेता घेता म्हणाला, "वहिनी, तुम्ही फक्त रंग निवडा. बाकी सगळं माझ्यावर सोडा."

"भाऊजी, करारनामा कधी करायचा?" सुरेखानं विचारलं.

विश्वजीत हसला. "करारनामा परक्यांसाठी असतो. आपल्याआपल्यात कागद कशापायी?"

"तरी पण. कोणतं लोखंड, कोणतं सिमेंट, काय कधी होणार, एवढं तरी."

"गोकुळ, वहिनी मला वकिलाकडं नेते की काय?" असं म्हणत त्यानं गोकुळच्या पाठीवर थाप मारली. गोकुळही हसला. सुरेखा नाही हसली, पण तिनं विषय वाढवला नाही. निघताना तिनं एवढंच विचारलं, "तुम्ही बांधलेलं एखादं घर बघायला मिळंल का? लोक राहतात असं."

"एक सोडून धा दाखवतो," विश्वजीत म्हणाला.

पुढच्या सुट्टीला तो दोघांना सावंगीला एका बंगल्यावर घेऊन गेला. बंगला खरोखर देखणा होता. दारात दगडी खांब, आत पांढरीशुभ्र फरशी. घरमालकीण, सुरेखाच्याच वयाची बाई, लगबगीनं पुढं आली. विश्वजीतनं दोघांना खोल्या दाखवल्या, आणि मग त्याला कुठल्या तरी साईटवरून फोन आला, म्हणून तो बाहेर अंगणात गेला. गोकुळही त्याच्या मागं गेला.

सोफ्याच्या मागं भिंतीचा रंग फुगला होता. सुरेखाची नजर तिथं गेली ते त्या बाईनं पाहिलं.

"पावसाळ्यात ओल धरते," ती हळू आवाजात म्हणाली. "बाकी काम चांगलं आहे, खोटं कशाला बोलू."

"मग सांगितलं नाय का तुम्ही त्यांना?"

"सांगितलं की. येतो म्हणाले. दोन पावसाळे झाले." बाईनं दाराकडं पाहिलं. "माझ्या मावशीचे जावई लागतात ते. कितींदा म्हणायचं? लग्नकार्यात समोर येतात, हसून बोलतात. तिथं काय ओल काढू?"

परतताना गाडीत सुरेखानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "भाऊजी, तुमच्यावर नाराज असलेलं कोणी गिऱ्हाईक असंल ना?"

"माझ्यावर कोण नाराज होणार, वहिनी?" विश्वजीत म्हणाला, आणि त्यानं तो प्रश्न थट्टेतच नेला.

सुरेखाला मात्र ते पटलं नाही. दुकान काढल्यापासून तिनं किती ब्लाउज शिवले याची गणती नव्हती, आणि तिच्यावर चिडून गेलेल्या बायकाही होत्या. कुणाचा गळा खोल झाला, कुणाची बाही अपुरी पडली, एकीचा तर ऐन लग्नाच्या सकाळी हुक तुटला. शिवणाऱ्या हातानं चूक होणारच. जिच्यावर कुणीच नाराज नाही अशी शिवणारी तिनं पाहिली नव्हती. गुत्तेदार तरी असा कसा असेल?

तिच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं, घराचा विषय निघाला तेव्हा, प्रेरणाचं नाव सांगितलं. वडिलांचा धंदा सांभाळते, इंजिनिअर आहे, आमच्या भावाचं घर तिनंच बांधलं, असं ती म्हणाली. सुरेखानं फोन केला. प्रेरणा स्कूटरवरून प्लॉटवर आली. तिशीही न ओलांडलेली मुलगी, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, पायात जाड बूट. तिनं चित्रं दाखवली नाहीत. प्लॉटभर एक फेरी मारली, आणि पहिलं विचारलं ते, "पावसाचं पाणी कुठून येतं इथं?"

गोकुळनं हात करून दाखवलं. तिनं ते वहीत नोंदवलं. मग शेजारच्या घराच्या जोत्याची उंची पाहिली, रस्ता पुढं मागं वर उचलला जाईल का याची चौकशी केली. ती निघायच्या आधी सुरेखानं तोच प्रश्न तिलाही विचारला.

"तुमच्यावर चिडलेलं कोणी असंल, तर त्याचा पत्ता द्या."

प्रेरणानं घालायला घेतलेलं हेल्मेट पुन्हा सीटवर ठेवलं. गोकुळला वाटलं, पोरगी दुखावली.

"रामकिसन काका," ती शेवटी म्हणाली. "हर्सूल गावातच राहतात, मारुतीच्या देवळामागं. जा त्यांच्याकडं. पण मी पाठवलं म्हणून सांगू नका, नाही तर चहासुद्धा मिळायचा नाही."

घरी येताना गोकुळ म्हणाला, "लई लहान वाटते. मिस्तरी लोक ऐकत असतील का तिचं?"

"तेच बघायला जायचं ना," सुरेखा म्हणाली.

रामकिसन काका पोस्टातून निवृत्त झालेले, खणखणीत आवाजाचे गृहस्थ निघाले. घर कुणी बांधलं एवढं विचारायची खोटी, त्यांनी दोघांना आत बसवलं आणि सुरू झाले.

"त्या पोरीचं नाव काढू नका माझ्यापुढं. न्हाणीघराची फरशी बसवली, आणि पाणी सगळं उलटं, झोपायच्या खोलीकडं. मी बोललो. तर बाईसाहेब स्वतः आल्या, बादलीभर पाणी ओतलं, बघितलं, आणि म्हणाल्या, चुकलं. बसवलेली फरशी सगळी उखडली. घरात धूळ, डोळ्यात धूळ, खायच्या ताटात धूळ."

"मग आता पाणी कुठं जातं?" गोकुळनं विचारलं.

"आता जातं नीट. पण तेव्हा जात नव्हतं ना?"

काकू चहा घेऊन आल्या होत्या. त्या पदराआड हसल्या.

"आणि पुतण्या म्हणाला, पुढच्या अंगाला दुकान काढू, हा कॉलम मधी येतो, तो काढून टाका," काका पुढं म्हणाले. "पैसे मी देतो, तर काढायला काय हरकत? नाय म्हणाली. मी लई बोललो तिला, नको नको ते बोललो. ऐकून घेतलं, आणि म्हणाली, काका, कॉलम काढायचा तर दुसऱ्या कोणाकडनं काढा, पण त्या दिवशी काकूंना घेऊन दुसरीकडं राहायला जा."

"मग काढला?"

"कसा काढणार?" काकांनी वर छताकडं पाहिलं. मग त्यांचा आवाज उतरला. "ते सगळं सोडा. माझा खरा राग निराळा आहे. दिवाळीत घरात जायचं ठरलं होतं. पाहुण्यांना सांगून ठेवलं होतं. आणि ही दर आठवड्याला म्हणायची, होतंय, होतंय. झालं नाही. गेलो ते अक्षय्य तृतीयेला. होणार नाही असं आधी सांगितलं असतं, तर मी काय खाल्लं असतं तिला?"

हे मात्र सुरेखाच्या मनात रुतून बसलं. फरशी आणि कॉलम ऐकून ती जवळजवळ ठरवून मोकळी झाली होती; दिवाळीचं ऐकून तिचा पाय अडला. दुसऱ्या दिवशी तिनं प्रेरणाला दुकानात बोलावलं.

"काकांना आधी का नाय सांगितलं?" तिनं सरळच विचारलं.

प्रेरणा शिलाई मशीनशेजारच्या स्टुलावर बसली होती. "पप्पा जाऊन थोडेच दिवस झाले होते, ताई. त्यांचे मिस्तरी मला सोडून दुसरीकडं गेले. पोरीच्या हाताखाली काम करायचं नव्हतं त्यांना. मला वाटायचं, काकांना सांगितलं तर तेही काम काढून घेतील. म्हणून सांगत नव्हते. सांगायला पाहिजे होतं."

"आता मिस्तरी आहेत?"

"आहेत. टिकलेत."

सुरेखानं हातातली कात्री खाली ठेवली. "मग करारात एक गोष्ट लिहायची. दर शनिवारी तुम्ही इथं यायचं, नाय तर फोन करायचा. काय झालं ते सांगू नका. काय झालं नाय आणि काय चुकलं, तेवढं सांगायचं."

प्रेरणानं मान वर करून तिच्याकडं पाहिलं. "असं कोणी लिहून घेत नाही."

"मी घेणार."

"लिहा," प्रेरणा म्हणाली.

प्रश्न होता तो विश्वजीतचा. गोकुळ दोन-तीनदा मोबाईल हातात घेऊन बसला आणि तसाच खाली ठेवला. शेवटी ही गोष्ट फोनवर सांगायची नाही असं सुरेखानं ठरवलं. तिनं रविवारी विश्वजीतला जेवायला बोलावलं. गावाहून कडूबा नानाही आले. नानांच्या कानावर अर्धंमुर्धं गेलेलं होतंच. जेवणं होऊन सुपारी फिरली, तशी त्यांनीच सुरुवात केली.

"काय ऐकतोय मी? घरचा माणूस सोडून परक्या पोरीला काम देणार?"

विश्वजीतचा हात अडकित्त्यावर थांबला. त्यानं आधी गोकुळकडं पाहिलं, मग सुरेखाकडं. त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"व्हय, नाना," सुरेखा म्हणाली. "भाऊजी, तुमचं काम वाईट म्हणून नाय. तुमचा बंगला मी बघितला, तसलं घर आमच्या स्वप्नात नाय. पण घर बांधताना काही ना काही चुकणार. कुणाच्याही हातनं चुकणार. चुकलं की मला भांडायचं आहे. तुमच्याशी मी कशी भांडू? तुम्ही नानांना वाचवलंत."

"ती पोरगी भांडून घेणार व्हय?" नाना म्हणाले.

"तिच्याशी जो माणूस भांडला, त्याच्या घरी जाऊन आलो आम्ही. अजून भांडतोय तो. घर मात्र पक्कं उभं आहे."

विश्वजीतनं अडकित्ता ताटलीत ठेवला. सुरेखाला वाटलं की आपण एक घर बांधायला निघालो आणि दुसरं मोडून बसलो.

तेव्हा गोकुळ बोलला. एरवी अशा बैठकीत तो भिंतीला टेकून बसायचा आणि सगळे उठले की उठायचा.

"विश्वा, सुरेखाचं जाऊ दे. माझं ऐक," तो म्हणाला. "उद्या तू बांधलेला स्लॅब गळला असता ना, तर मी खाली बादली ठेवली असती. ती भरली की रिकामी केली असती. पण तुला फोन केला नसता. आयुष्यभर बादली उचलली असती, आणि मनातल्या मनात तुझ्यावर कुढलो असतो. मला तसं नको आहे. मला तू पाहिजे."

नाना लेकाकडं बघत राहिले. गोकुळ एवढं सलग बोललेला त्यांनी कधी ऐकला नसावा.

विश्वजीत उठला. "ठीक आहे," एवढंच तो म्हणाला. नानांच्या पाया पडला, सुरेखाला "येतो, वहिनी" म्हणाला आणि गेला. जिन्यावरून उतरतानाचे त्याचे पाय जड वाजले. नाना बराच वेळ सुपारी चघळत बसले. मग म्हणाले, "करार कराल तेव्हा मला बोलवा. त्या पोरीला एकदा बघतो."

करार झाला तेव्हा नाना खरंच आले. वकिलाच्या टपरीसमोर लाकडी बाकावर बसून त्यांनी प्रेरणाला तिचं गाव, आडनाव, आजोळ सगळं विचारून घेतलं. प्रेरणानं न कंटाळता सांगितलं. वकिलानं शनिवारचं कलम वाचलं, चष्मा वर केला आणि पुन्हा वाचलं. सुरेखानं सही केली. गोकुळची सही तिच्याखाली झाली, आणि बाहेर येऊन चौघांनी उसाचा रस घेतला.

भूमिपूजनाला विश्वजीत आला नाही. त्याची बायको मात्र आली, नारळ आणि खण घेऊन. "साईटवर अडकलेत," ती म्हणाली. सुरेखानं तिची ओटी भरली आणि तिला शेवटपर्यंत बसवून ठेवलं.

शेळ्या हलल्या, वाळू-खडी ज्याची त्यानं उचलली, चुन्यानं आखणी झाली आणि पायाचे खड्डे खणायला सुरुवात झाली. पहिल्याच शनिवारी प्रेरणा गुलमंडीचा जिना चढून दुकानात आली. बूट मातीनं भरलेले, चेहरा उतरलेला. दुकानात दोन बायका कापड घेऊन बसल्या होत्या. प्रेरणा दारातच उभी राहिली.

"ताई, एका कोपऱ्यात भराव निघालाय," ती म्हणाली. "जुना खड्डा असावा, कुणी तरी माती टाकून बुजवलेला. खालचा पक्का मुरूम लागेपर्यंत तिथं खाली जावं लागेल. वेळ लागेल, आणि खर्चही थोडा वाढेल. किती, ते मला आज सांगता येत नाही. खड्डा पूर्ण झाला की सांगते."

सुरेखाच्या डोळ्यांपुढं कर्जाचे हप्ते उभे राहिले. पण त्याच वेळी तिच्या लक्षात आलं, की ही मुलगी जिना चढून, दोन अनोळखी बायकांच्या समोर, हे सांगायला आली आहे, आणि अजून कुणाला कळायच्या आत आली आहे.

"बस आधी," ती म्हणाली. बोलता बोलता 'अहो-जाहो' कधी गळून पडलं ते दोघींनाही कळलं नाही. "पाणी पी. मग जाऊ आपण बघायला."

दुकान शेजारणीवर सोपवून ती प्रेरणाच्या स्कूटरवर मागं बसली. प्लॉटवर पोचल्या, तर रस्त्यावर विश्वजीतची गाडी उभी होती. पायाचे खड्डे बघायला ये, असा फोन गोकुळनं सकाळीच त्याला केला होता, हे सुरेखाला माहीत नव्हतं. विश्वजीत त्या कोपऱ्यातल्या खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसून खाली बघत होता. गोकुळ शेजारी उभा होता.

प्रेरणा जागच्या जागी थांबली. "हे कोण?"

"माझे दीर," सुरेखा म्हणाली. "गुत्तेदार आहेत."

विश्वजीतनं मातीचं एक ढेकूळ उचललं, बोटांनी चुरलं, आणि प्रेरणाकडं न बघताच विचारलं, "किती खाली जायचं ठरवलंय?"

"मुरूम लागेपर्यंत," प्रेरणा म्हणाली. "मध्ये थांबणार नाही."

"आणि बाजूची माती ढासळली तर?"

"फळ्या लावून घेणार. उद्या येतायत."

"उद्या नाय, आजच लावा. आत माणसं उतरलीत." आता त्यानं मान वर केली. "माझ्या साईटवर पडल्यात फळ्या. पाठवून देतो. नंतर परत करा."

"पाठवा," प्रेरणा म्हणाली, आणि खड्ड्यातल्या माणसांना वर यायला सांगायला गेली. ती माणसं लगेच वर आली. त्यातल्या वयस्क मिस्तरीनं तिला काहीतरी विचारलं, तिनं हातानं लांबी दाखवली, आणि त्यानं मान हलवली. विश्वजीत ते सगळं बघत होता.

"बरोबर चाललंय तिचं," तो गोकुळला म्हणाला. मग हात झटकत उठला. "वहिनी, चहाची काही सोय आहे का इथं? का तेही करारात लिहायचं राहिलं?"

समोरच्या घरातली बाई फाटकात उभी राहून बघत होती. सुरेखा तिच्याकडं गेली, आपली ओळख सांगितली, आणि सगळ्यांसाठी चहा मागितला.